शाळेचा निरोप घरापर्यंत पोहोचतो का? समाजमाध्यमांच्या वापराबद्दल थोडे सविस्तर

सहलीच्या संमतिपत्राची मुदत उलटून गेल्यावर एखादे पालक शाळेत येऊन ‘आम्हाला कोणी कळवलेच नाही’ असे सांगतात आणि वर्गशिक्षिका मोबाइल उघडून ‘हे पाहा, मंगळवारीच ग्रुपवर टाकले होते’ असे दाखवतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. निरोप टाकला गेलेला असतो, पण पोहोचलेला नसतो. शाळा आणि घर यांच्यातली बरीचशी गाऱ्हाणी याच फटीतून निघतात आणि ती बुजवण्यासाठी शाळा सहसा जे करते, म्हणजे आणखी एक ग्रुप काढणे किंवा आणखी एका माध्यमावर खाते उघडणे, त्याने ती फट रुंदच होते.

टाकलेले पोहोचत का नाही, याचे कारण आधी समजून घ्यायला हवे. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे बंद केले आणि कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून क्रम लावायला सुरुवात केली. फेसबुकने तर जानेवारी २०१८ मध्ये उघडपणे जाहीर केले की, यापुढे मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल आणि संस्थांच्या पेजवरचा मजकूर मागे पडेल. शाळेचे पेज ही या हिशेबात एक संस्थाच असते. त्यामुळे ‘उद्या शाळेला सुट्टी’ ही पोस्ट एखाद्या पालकाला परवा दिसणे आणि दुसऱ्याला कधीच न दिसणे, यात बिघाड काहीच नाही, कारण ते माध्यम त्याच पद्धतीने चालते. व्हॉट्सॲपवर निरोप क्रमाने येतात हे खरे, पण तिथली अडचण निराळी आहे. सूचनेखाली ‘धन्यवाद मॅडम’, ‘ओके सर’, जोडलेल्या हातांची चित्रे, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ‘पीडीएफ उघडत नाही’ अशी रांग लागते आणि संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसाला सूचना शोधण्यासाठी साठ-सत्तर निरोप वर सरकवावे लागतात. तो ते करत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक सरमिसळ आहे. शाळा समाजमाध्यमांकडून तीन वेगवेगळी कामे करून घेऊ पाहते : कळवणे, दाखवणे आणि बोलणे. परीक्षेचे वेळापत्रक हे कळवणे झाले, विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे हे दाखवणे झाले आणि ‘मुलगी आठवडाभर गप्प गप्प आहे, वर्गात काही झाले का?’ या प्रश्नाला उत्तर देणे हे बोलणे झाले. प्रत्येकाचा वाचक वेगळा, घाई वेगळी आणि गुप्ततेची गरजही वेगळी असते. ही तिन्ही कामे एकाच ग्रुपमध्ये कोंबली की सर्वांत जास्त आवाज करणारे काम, म्हणजे दाखवणे, बाकीच्या दोघांना झाकून टाकते. म्हणून कोणते माध्यम चांगले, हा प्रश्न नंतरचा. कोणते काम कुठे करायचे, हे शाळेने आधी ठरवावे, कागदावर लिहावे आणि वर्षाच्या पहिल्या पालकसभेत सांगावे.

कळवण्याचे काम सर्वांत रुक्ष आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी एकतर्फी मार्ग लागतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनला निरोप टाकता येईल, अशी सोय २०१८ पासून आहे. एवढे एक बटण दाबले तरी ग्रुपमधला गोंगाट थांबतो. २०२२ मध्ये आलेल्या कम्युनिटी या सोयीत अनेक वर्गांचे ग्रुप एका छत्राखाली आणता येतात आणि संपूर्ण शाळेची सूचना एकदाच देता येते. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलमध्ये फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, कारण साध्या ग्रुपमध्ये सामील झालेल्या प्रत्येक आईचा मोबाइल क्रमांक वर्गातल्या सगळ्या घरांना दिसतो आणि त्यासाठी तिची परवानगी कोणी घेतलेली नसते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी शाळेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच निरोप मिळतो. ही अट अनेक शाळांच्या लक्षातच येत नाही आणि मग ‘काही पालकांना निरोप जातच नाहीत’ असे कोडे पडते.

मार्ग ठरला तरी निरोप लिहायचा कसा, हे उरतेच. शाळांच्या सूचना बहुधा अशा असतात : ‘सर्व सन्माननीय पालकांस कळविण्यात येते की, शाळेच्या वार्षिक नियोजनानुसार दिनांक १४ रोजी इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी आयोजित करण्यात आलेली असून त्या अनुषंगाने सोबत जोडलेला अर्ज विहित मुदतीत सादर करण्याचे करावे.’ यात व्याकरणाची चूक नाही, पण पालकाला जे हवे ते शेवटच्या पाच-सहा शब्दांत आहे आणि तेही अर्धवट. ‘विहित मुदत’ म्हणजे कोणता वार, हे कुठेच नाही. तीच सूचना अशी लिहिता येईल : ‘पाचवी ते सातवीच्या पालकांसाठी. शुक्रवारी, १४ तारखेला शाळेत आरोग्य तपासणी आहे. अर्ज आज दप्तरात पाठवला आहे. त्यावर सही करून बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावा. तपासणी नको असल्यास अर्जावर तसे लिहावे.’ पहिल्या वाक्यात हे कोणासाठी आहे ते कळते, म्हणजे दहावीच्या पालकांना पुढे वाचायची गरज पडत नाही. तारखेबरोबर वार आहे, कारण घरातले माणूस आठवडा वारांनी मोजते. करायचे काम एकच आहे आणि त्याला मुदत आहे. नकार कसा द्यायचा, हेही सांगितले आहे, म्हणजे नको असलेले पालक गप्प बसून राहत नाहीत आणि शिक्षकांना त्यांच्या मागे लागावे लागत नाही.

अशी सूचना मजकूर म्हणूनच पाठवावी. लेटरहेडवर छापून, शिक्का मारून, तिचा फोटो काढून पाठवण्याची पद्धत अधिकृत दिसते खरी, पण त्या फोटोतला मजकूर नंतर शोधता येत नाही, दुसऱ्या भाषेत सहज उलटवता येत नाही आणि दृष्टिहीन पालकांचा फोन तो वाचून दाखवेलच याची खात्री नसते. ज्या घरात शाळेची भाषा बोलली जात नाही, तिथे साधा मजकूर असेल तर भाषांतराच्या ॲपवर टाकून अर्थ लावता येतो. ज्या घरात वाचणेच जड जाते, तिथे वर्गशिक्षकांनी त्याच सूचनेचा अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश जोडला तर त्याचा खूप उपयोग होतो. शिक्का हवाच असेल तर तो सोबत जोडावा, पण मजकूर वर असू द्यावा.

पालक कोणत्या रीतीने सामील होतात, यावर संशोधन झालेले आहे आणि त्याचा निष्कर्ष डोळे उघडणारा आहे. पीटर बर्गमन आणि टॉड रॉजर्स यांनी वॉशिंग्टन डीसीमधल्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांचे गुण, गैरहजेरी आणि न दिलेला गृहपाठ यांची माहिती पालकांना मोबाइलवर आपोआप पाठवणारी सेवा तिथे सुरू करायची होती. काही पालकांना ‘संकेतस्थळावर जाऊन नोंदणी करा’ असे सांगितले, तेव्हा नोंदणी करणारे एक टक्काही निघाले नाहीत. काहींना फक्त उलट निरोप पाठवून होकार द्यायचा होता, तरी आकडा थोडाच वाढला. उरलेल्यांना थेट सामील करून घेतले आणि ‘नको असेल तर कळवा’ असे सांगितले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक पालक सेवेत टिकून राहिले आणि त्या गटातल्या मुलांची प्रगतीही सुधारली. म्हणजे नोंदणी न करणाऱ्यांना मुलांची पर्वा नसते, हा शिक्षकांच्या खोलीत वारंवार ऐकू येणारा समज बरोबर नाही. आडवी येते ती नोंदणीची कटकट. शाळेने प्रवेशाच्या वेळीच क्रमांक आणि परवानगी घेऊन पालकांना सूचनांच्या मार्गावर स्वतःहून आणावे आणि बाहेर पडण्याचा रस्ता सोपा ठेवावा.

येथे क्रमांक म्हणजे कोणाचा क्रमांक, हे विचारायला हवे. अर्जावर एकच रकाना असतो, तो घरातल्या एकाच व्यक्तीच्या नावाने भरला जातो आणि मग वर्षभर शाळा त्या एका व्यक्तीशीच बोलत राहते. मुलाला शाळेत सोडणारे आजोबा, वेगळे राहणारे वडील किंवा मुलाचा सांभाळ करणारी मावशी यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. दुसरा रकाना ठेवायला काही खर्च येत नाही. ज्या घरी स्मार्टफोन नाही किंवा एकच फोन आहे आणि तो दिवसभर घराबाहेर असतो, त्या घरांची यादी वर्गशिक्षकांकडे असावी आणि त्यांच्यासाठी सूचनावही किंवा साधा फोन हा मार्ग चालूच राहावा. हा मार्ग सर्वांनाच कधी ना कधी लागतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे जगभर सुमारे सहा तास बंद पडली होती. ज्या शाळेची सगळी मदार या एकाच कंपनीच्या सेवांवर होती, तिच्याकडे त्या वेळी पालकांना काही कळवण्याचे साधनच उरले नव्हते.

सूचनांपलीकडे जाऊन समाजमाध्यमांचा खरा शैक्षणिक उपयोग कुठे होतो, तर मुलाच्या अभ्यासात घरच्यांना हात घालता येईल अशा छोट्या निरोपांत. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात, मागे पडलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांच्या उन्हाळी वर्गांत, मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. आठवड्यातून एकदा, एकच वाक्य, त्या विशिष्ट मुलाबद्दल, पालकांनी निवडलेल्या मार्गाने. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार वर्ग पूर्ण न करू शकणाऱ्यांचे प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आले आणि हा फरक मुख्यतः मध्येच गळणाऱ्या मुलांची संख्या घटल्यामुळे पडला. त्यातही नुसते कौतुक करणाऱ्या वाक्यांपेक्षा काय सुधारायचे ते सांगणारी वाक्ये अधिक उपयोगी ठरली. याचे कारण कळण्यासारखे आहे. ‘तुमचा मुलगा हुशार आहे’ या वाक्यावर घरी करण्यासारखे काहीच नसते. ‘गेल्या आठवड्यात त्याने भूमितीचे दोन गृहपाठ दिले नाहीत, शुक्रवारपर्यंत दिले तर गुण मिळतील’ हे वाचल्यावर जेवताना काय विचारायचे ते आईला कळते.

लहान मुलांसाठीही असाच एक उपक्रम सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. बेंजामिन यॉर्क आणि सुसाना लोब यांनी चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना आठवड्यातून तीन मजकूर-संदेश पाठवले. एकात अक्षरओळखीसंबंधी एखादी माहिती, दुसऱ्यात आज घरी करता येईल अशी कृती, तिसऱ्यात त्याच कृतीचा पुढचा टप्पा. पालकांनी त्या कृती केल्या आणि मुलांच्या साक्षरतेच्या काही कौशल्यांत वाढ दिसली. नंतरच्या प्रयोगात आठवड्याला पाच संदेश पाठवून पाहिले, तर सेवा सोडून जाणाऱ्या पालकांचे प्रमाण वाढले. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसाला दहा निरोप असतात, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचायला हरकत नाही.

आता दाखवण्याकडे येऊ. शाळेच्या फेसबुक पेजवर किंवा इन्स्टाग्रामवर जे दिसते ते बहुतांशी पालकांसाठी नसतेच. बक्षीस घेणारे विद्यार्थी, पाहुण्यांचे स्वागत, निकालाची टक्केवारी हा मजकूर पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठी असतो. जाहिरात करणे गैर नाही, पण तिला पालकसंपर्क म्हणू नये. सध्याच्या पालकांना ज्याचे अप्रूप असते ते फार साधे असते : आज वर्गात काय शिकवले, फळ्यावर काय काढले, मुलांनी विचारलेला एखादा गमतीदार प्रश्न. ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला मुले ‘काही नाही’ असे उत्तर देतात, हे घरोघरचे आहे. त्याऐवजी ‘बी पाण्यात का बुडते, असे आज तुमच्या वर्गात कोणी विचारले म्हणे?’ असे विचारता आले तर बोलणे सुरू होते. अशा पोस्टमध्ये एकाही मुलाचा चेहरा नसला तरी चालते.

चेहऱ्यांचा मुद्दा गंभीर आहे. धावण्याच्या शर्यतीचे एक छायाचित्र घ्या. त्यात गणवेशावरचे शाळेचे बोधचिन्ह दिसते, छातीवर नावाची पट्टी असते, मागे शाळेच्या बसचा क्रमांक असतो आणि खाली ‘सराव रोज सायंकाळी पाचला’ असे लिहिलेले असते. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे. पण एकत्र केल्यावर अमुक नावाचे मूल, अमुक शाळेत, अमुक वेळी, अमुक ठिकाणी असते, हे कोणत्याही अनोळखी माणसाला कळते. म्हणून चेहरा असेल तर पूर्ण नाव देऊ नये, नाव द्यायचे असेल तर चेहरा टाळावा, आणि कार्यक्रम संपल्यावरच त्याचे ठिकाण सांगावे. फोनने काढलेल्या मूळ फाइलमध्ये वेळ आणि अनेकदा जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा शाळेच्या संकेतस्थळावर जशाचा तसा चढवला तर ती सोबत जाऊ शकते.

कायदेही आता या बाजूने कडक होत आहेत. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन सेवांनी पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असा कायदा १९९८ पासून आहे. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम २०१८ पासून लागू झाला आणि भारताच्या २०२३ च्या कायद्याने तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानून पालकांची पडताळता येणारी संमती हवी, असे म्हटले आहे. युरोपीय आणि भारतीय कायद्यांत एक तत्त्व समान आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘छायाचित्रे वापरण्यास आमची हरकत नाही’ अशी एक ओळ छापून या तत्त्वाला न्याय मिळत नाही. वर्गाच्या बंद ग्रुपसाठी, सार्वजनिक पेजसाठी आणि छापील पुस्तिकेसाठी वेगवेगळे होकार घ्यावेत, कारण पहिल्याला राजी असलेले अनेक पालक दुसऱ्याला नाही म्हणतात. ज्यांनी नाही म्हटले त्यांची मुले समूहचित्रातून उठवून बाजूला बसवली जाऊ नयेत. पाठमोरी, हातांची किंवा मुलांनी केलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढली की हा प्रश्न बराच सुटतो. मोठ्या मुलांना स्वतःलाही विचारावे. पालकांचा होकार असला तरी नववीतल्या मुलीला आपला नाटकातला फोटो नको असू शकतो, आणि तिचे ऐकले पाहिजे.

बोलण्याचे काम समाजमाध्यमांवर सर्वांत कमी करावे, असे माझे मत आहे. एखाद्या मुलाचे वागणे, आजार, फीची थकबाकी किंवा दोन मुलांमधले भांडण ग्रुपवर निघाले की ते वर्गातल्या सगळ्या घरांत जाते आणि मागे घेता येत नाही. पालकांनी ग्रुपवर तक्रार मांडली तर शिक्षकांनी तिथेच खुलासा करत बसू नये. ‘आपला निरोप वाचला, आज चार वाजता फोन करते’ एवढे लिहावे आणि खरोखर चार वाजता फोन करावा. सार्वजनिक पेजवर आलेली बोचरी टिप्पणी पुसून टाकण्याचा मोह आवरावा. शिवीगाळ किंवा मुलाची ओळख उघड होत असेल तर ती जरूर काढावी, पण नुसती नाराजी काढून टाकली की ती दुसऱ्या, शाळा नसलेल्या ग्रुपवर दुप्पट जोराने उगवते.

यात शिक्षकांच्या वेळेचाही विचार व्हावा. रात्री अकराला आलेल्या ‘उद्या चित्रकलेची वही आणायची का?’ या प्रश्नाला एका शिक्षकाने तत्परतेने उत्तर दिले की दुसऱ्या वर्गाचे पालक आपल्या शिक्षकांकडूनही तीच अपेक्षा धरतात. शाळेने वैयक्तिक क्रमांकाऐवजी शाळेचा फोन द्यावा, उत्तरे कोणत्या वेळात मिळतील ते जाहीर करावे आणि तातडीच्या गोष्टीसाठी, म्हणजे मूल घरी पोहोचले नाही अशासाठी, वेगळा क्रमांक ठेवावा. वेळेची मर्यादा सर्वांना सारखी लागू असेल, तर ती पाळणे एकट्या शिक्षकाला जड जात नाही. मुख्याध्यापकांनीही रात्री सूचना टाकण्याची सवय सोडावी, नाहीतर नियमाला वजन उरत नाही.

हे सारे जमते आहे की नाही, हे लाइक मोजून कळत नाही. लाइक देणारे पालक बहुधा तेच असतात ज्यांच्यापर्यंत निरोप एरवीही पोहोचला असता. त्यापेक्षा एखादी सूचना गेल्यानंतर दोन दिवसांनी प्रत्येक वर्गातल्या पाच घरांना, दर वेळी वेगळ्या, फोन करून ‘आरोग्य तपासणीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा आहे?’ एवढेच विचारावे. ज्यांना उत्तर येत नाही, त्यांना निरोप कुठे अडला ते विचारावे : फोन बदलला, ग्रुप म्यूट केला, भाषा कळली नाही की कामाची पाळी रात्रीची आहे. यातून येणारी माहिती कोणत्याही ॲपच्या आलेखात सापडत नाही आणि तिच्यावरून लगेच काहीतरी दुरुस्त करता येते.

शेवटी एक कारकुनी बाब, जी राहून गेली तर बाकीचे सगळे कोलमडते. अनेक शाळांचे पेज एखाद्या उत्साही शिक्षकाने स्वतःच्या खात्यावरून सुरू केलेले असते आणि ते शिक्षक बदलून गेले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. खाती शाळेच्या ईमेलवर आणि शाळेच्या क्रमांकावर नोंदवलेली असावीत, किमान दोन व्यक्ती अ‍ॅडमिन असाव्यात, कोणाकडे कोणते अधिकार आहेत याची नोंद कार्यालयात असावी आणि कोणी शाळा सोडली तर त्याच दिवशी त्यांचे अधिकार काढून घ्यावेत. शैक्षणिक वर्ष संपले की जुन्या वर्गाचे ग्रुप बंद करावेत, कारण त्यात उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलांचे फोटो आणि त्यांच्या घरच्यांचे क्रमांक विनाकारण पडून राहतात.